‘येतो’ आणि ‘येते’

आमचे शेजारी पगारे कॉम्प्युटरला उत्तरं देतात. तोंडानं. पडद्यावर काही प्रश्न आला, की बटण दाबायच्या आधी पगारे मोठ्यानं, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं बोलणार. "हो, ठेवायचंय!" "नको, आत्ता नको!" "अरे, मघाशीच सांगितलं ना तुला!" आणि मग बटण. बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की पहिले काही दिवस त्यांना वाटतं, या घरात कुणीतरी ठार बहिरं माणूस आहे आणि म्हातारा त्याच्यावर वैतागलाय.

खरी गोष्ट अशी, की पगाऱ्यांचा उभा जन्म नाशिक रोड स्टेशनच्या चौकशी खिडकीत गेला. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं त्यांना जमतच नाही. उत्तर झालं की "पुढे बोला!" हे त्यांचं ठरलेलं. दूधवाल्याला "पुढे बोला", डॉक्टरला "पुढे बोला". आमच्या सोसायटीत एकदा मयताला गेले होते. तिथं कुणीतरी विचारलं, कधी गेले हो? पगाऱ्यांनी वेळ सांगितली आणि म्हणाले, "पुढे बोला."

आता मी कोण, ते सांगतो. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा होता. शाळा चौथीपर्यंत. पास होऊन सोडली, नापास होऊन नाही, एवढं ध्यानात ठेवा. मुलानं जेल रोडला ब्लॉक घेतला आणि मला आणून गॅलरीत बसवलं, डब्यात लावलेल्या चार गुलाबांसोबत. मुलाच्या घरीही कॉम्प्युटर आहे, पण तो इंग्रजी बोलतो. माझं त्याच्याशी काही देणंघेणं नाही. मी शिकलो तो पगाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर, कारण तो मराठी बोलायचा. आणि मराठी म्हणजे सरकारी नव्हे, माणसाचं.

त्याचं असं झालं. पगारे रिटायर झाले आणि त्यांना कुठल्याशा मासिकासोबत लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकटच्या प्रोग्रॅमची, सीडी मिळाली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "आबा, बाकीच्यांचे कॉम्प्युटर म्हणजे सीलबंद डबा. हा बिनझाकणाचा. आतला शब्द नाही आवडला तर काढा, आपला घाला. कुणी पकडायला येणार नाही."

"आन् फुकट देत्यात? त्यांना काय मिळतं मग?"

"तुमच्याकडं कुणी गुलाबाची काडी मागितली तर देता ना?"

"देतो की."

"काय मिळतं?"

"झाड लागलं का तो माणूस कौतुकानं बघायला बोलवतो."

"तेच मिळतं. पुढे बोला."

पुण्याची काही पोरं हौसेनं या लिनक्सचं मराठी करत होती. पगारे त्यांच्यात घुसले. पण पोरांचे शब्द त्यांना पटेनात. पोरं 'रद्द करा' लिहायची, पगारे त्या जागी 'राहू द्या' घालायचे. 'प्रतीक्षा करा' काढून 'जरा बसा, होतंय' घालायचे. काही बिघडलं की पोरांच्या मराठीत 'त्रुटी आढळली' असं यायचं. पगाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर यायचं, 'काहीतरी बिनसलंय. तुमचं चुकलं नाही.' पहिल्यांदा मी ते वाचलं तेव्हा मला एवढं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी दोनदा चुकलो.

एक शब्द माझा आहे, तेही सांगून टाकतो. नको असलेल्या फायली जातात त्या डब्याला पगाऱ्यांनी 'कचरापेटी' म्हटलं होतं. मी म्हणालो, भाऊसाहेब, कचरापेटीतलं घंटागाडी घेऊन जाते, मग परत येत नाही. यातलं परत काढता येतं ना? मग तो 'उकिरडा'. बरीच वादावादी झाली. शेवटी 'उकिरडा' बसला. अजून आहे.

पण 'राहू द्या'वरून मात्र आमचं कधी जमलं नाही. मी म्हणायचो, "तुम्ही रेल्वेचे ना? गाडी रद्द होते का गाडी राहू द्या होते?"

"गाडीचं वेगळं. घरात कुणी रद्द म्हणतं का?"

"पण तुमच्या घरात म्हणायला हाय कोण?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. कारण आतल्या खोलीच्या दारासमोर, खिडकीपाशी कॉटवर पगाऱ्यांच्या मंडळी, कमलवहिनी, बसलेल्या असायच्या. पगारे रिटायर झाले त्याच साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मी या बिल्डिंगीत आलो तो त्यानंतर. त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. सगळं समजायचं त्यांना. हसायच्या, डोळे वटारायच्या, मी चहाला नको म्हणालो तर डाव्या हातानं 'बसा' असं करायच्या. पण शब्द नाही.

सगळ्यात मोठं भांडण झालं बाहेर पडायच्या बटणावरून. कॉम्प्युटरवरचं काम संपलं की निघताना एक बटण दाबायचं असतं. तिथं पगाऱ्यांनी लिहिलं, 'येतो'. पुण्याच्या पोरांनी कळवलं, काका, माणूस बाहेर चाललाय आणि बटण म्हणतंय येतो, वापरणारा गोंधळेल. पगारे खवळले. मला म्हणाले, "ही पोरं घरातून निघताना आईला 'जातो' म्हणतात की काय? वळण नाही लावलं कुणी?" त्यावर मी आपलं सहज म्हणालो, ते ठीक, पण बाईमाणसानं काय म्हणायचं? झालं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथं दोन बटणं. 'येतो' आणि 'येते'. दोन्ही दाबली तरी काम एकच. पोरांनी हात टेकले. मीही विचारलं, या घरात कॉम्प्युटरला हात लावणारे आपण दोघं थेरडे, 'येते' म्हणणार कोण? त्यावर पगारे "पुढे बोला" म्हणाले, म्हणजे उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असावं.

तर असा हा माणूस. आणि नव्याचा भारी हावरट. लिनक्सचं नवीन काही निघालं की आधी यांच्याकडं. साप जुनी कात टाकतो तसं दर वर्षी अपग्रेड. म्हणून पुढं जे झालं त्याचं मला फार नवल वाटलं.

त्यांची मुलगी सुनंदा बंगळूरला नोकरीला. दर रविवारी तिचा फोन यायचा. पगारे रिसीव्हर वहिनींच्या कानाला धरायचे. तिकडून पोरगी बोलायची, आई, ऐकतेस ना? आई? वहिनींचे डोळे वाहायचे, पण फोनला डोळे दिसतात होय? मग पगारेच ओरडायचे, "ऐकतेय, ऐकतेय! हसली बघ आत्ता!" मी एकदा ते बघितलं आणि नंतर रविवारी जायचं सोडलं.

मग सुनंदानं कॅमेरा पाठवला, कॉम्प्युटरला लावायचा. म्हणजे मायलेकी एकमेकींना बघतील, बोलायची गरज नाही. पगाऱ्यांनी तो जोडला. पण जुनं लिनक्स कॅमेऱ्याला ओळखच दाखवेना. नवीन आवृत्ती घातली तर चालेल, असं पोरांनी सांगितलं. नवीन आवृत्ती आलीही. तिची एक सोय अशी, की जुनं न पुसता नुसत्या सीडीवरून चालवून बघता येतं. पगाऱ्यांनी मला बोलावून चालवून दाखवली.

सगळंच बदललं होतं. खालची पट्टी काळी चकचकीत. फायली काचेच्या तावदानाआड ठेवल्यासारख्या. मेनू उघडला तर भलतीकडूनच निघतो. वर उजव्या कोपऱ्यात एक काजूसारखं काहीतरी, ते तिथून हटतच नाही. आणि शब्द सगळे पोरांचे. पगाऱ्यांनी इकडं तिकडं फिरून पाहिलं. कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं. पगारे गप्प. नुसतं बटण दाबलं, सीडी काढली, पाकिटात घातली आणि म्हणाले, "नाही घालायचं."

"आन् कॅमेरा?"

"राहील डब्यात."

सुनंदा फोनवर रडली, भांडली. तिनं मला फोन केला, आबा, तुम्ही तरी सांगा पप्पांना. मला सांगायला काय, मी तयारच. मी म्हणालो, "भाऊसाहेब, तुमच्या शब्दांचा तुम्हाला लय गर्व झालाय. पोरगी आईचं तोंड बघायला तडफडते आन् तुम्ही बटणं कवटाळून बसलाय. तुमच्यापेक्षा ते मशीन बरं."

त्यांनी वहिनींच्या पायावरची चादर सारखी केली फक्त.

पुढच्या महिन्यात सुनंदा स्वतःच आली, रजा काढून. एरवी ती यायची तेव्हा स्वतःचा लॅपटॉप घेऊन यायची. वडिलांच्या कॉम्प्युटरला तिनं कधी हात लावलेला नव्हता. या खेपेला आल्या आल्या पदर खोचून त्याच्यासमोर बसली. म्हणाली, मीच घालते नवीन, कोण अडवतं बघू. मी दारात. पगारे कॉटच्या कडेला, वहिनींजवळ.

आधी चालू आहे ते बंद करायचं म्हणून तिनं काहीतरी दाबलं. पडद्यावर आलं, 'एवढ्यात? बरं, राहू द्या.' ती थांबली. दुसरं उघडलं. 'जरा बसा, होतंय.' मग कुठंतरी चुकली आणि आलं, 'काहीतरी बिनसलंय. तुमचं चुकलं नाही.' मग ती भराभर एकेक उघडत सुटली, जसं माहेरच्या फडताळात मुलगी डबे उघडून बघते. शेवटी ती दोन बटणं आली. 'येतो' आणि 'येते'.

"पप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पप्पा, ही आई आहे."

पगारे म्हणाले, "हं."

"शाळेला निघताना मी 'जाते' म्हटलं की ही मला जिन्यावरून परत बोलवायची. परत आत ये, बूट काढ, 'येते' म्हण, मग जा. माझी बस चुकायची."

कॉटवरून आवाज आला. वहिनी हसत होत्या. त्यांचं हसणं वेडंवाकडं येतं, अर्ध्याच तोंडातून, पण ते हसणंच होतं.

मग पगारे बोलले, इतक्या हळू की मला ते पगारे वाटेनात. "वाचा गेली तेव्हा मला भीती वाटायला लागली, की ही कशी बोलायची ते मी विसरणार. फोटो आहेत. आवाजाचं काही नाही आपल्याकडं. टेप कुठं केला कुणी. मग जे जे आठवलं ते एकेक यात घातलं. मी कामावरून येऊन चिडचिड करायचो तेव्हा म्हणायची, तुमचं चुकलं नाही. घातलं. नवीन घातलं की हे सगळं जाणार, सुनंदा."

"परत घालू ना आपण. फाईल आहे तुमच्याकडं."

"कुठं घालू? ते नवीन वेगळंच विचारतं. हिचं उत्तर माझ्याकडं आहे, पण तो प्रश्नच राहिला नाही."

खोलीत सगळे त्या पडद्याकडं बघत होते, एक वहिनी सोडून. त्या पगाऱ्यांकडं बघत होत्या. त्यांनी डावा हात उचलला, पगाऱ्यांच्या दंडावर चापट मारली, चांगली जोरात. मग बोट सुनंदाकडं केलं, मग कॅमेऱ्याच्या डब्याकडं, मग परत सुनंदाकडं. आणि डोळे वटारले.

"हो," पगारे म्हणाले. "कळलं. घालतो."

घातलं. सुनंदा बंगळूरला परत गेली आणि पुढच्या रविवारी तिचं तोंड पडद्यावर आलं, जरा अडखळत, जरा निळसर. वहिनींनी पडद्याला हात लावला. तिकडं पोरीनं गाल पुढं केला. मी त्या रविवारी गेलो होतो. आता मी दर रविवारी जातो.

पगारे नव्यावर शब्द बसवतायत. जिथं बसतात तिथं बसवतात. 'तुमचं चुकलं नाही'ला जागा मिळाली. 'जरा बसा'ला मिळाली. 'एवढ्यात?' अजून हातात घेऊन फिरतायत. हे सगळं मी त्याच मशीनवर बसून टाईप करतोय, त्यांना न सांगता. सांगितलं तर शब्द सुधारायला बसतील.

परवा मी त्या कोपऱ्यातल्या काजूकडं बोट दाखवलं. त्याच्यापुढं काहीच लिहिलेलं नाही, इंग्रजी नाही, मराठीही नाही. दाबलं की उघडतं, पण नाव नाही.

"भाऊसाहेब, हे राहिलं. मी सांगू का? माझ्याजवळ शब्द हाय."

"तुमच्याजवळ असेल," ते म्हणाले. "पण हे तिची वाचा गेल्यानंतर आलंय. याला ती काय म्हणाली असती, मला ठाऊक नाही."

त्यांनी पडदा उचलून कॉटकडं वळवला, बाण काजूवर नेऊन ठेवला आणि विचारलं, "कमल, याला काय म्हणायचं?"

वहिनी त्या काजूकडं बघत राहिल्या. ओठ हलले. पगारे खाली वाकले आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते.