आफुआ नावाच्या सँडरची निगा

यंत्र वापरल्याने झिजते, हे शास्त्राला फार पूर्वीच कळले होते. त्यावर उपाय काय, हे मात्र प्रथम कुमासी शहरातल्या आमच्या गल्लीतल्या वेल्डर मंडळाला कळले.

मंडळाने वर्गणी काढून हवेवर चालणारा बेल्ट सँडर घेतला. कॉम्प्रेसरची नळी जोडली की बोटभर रुंदीचा खरखरीत पट्टा त्याच्या लांब नाकावरून गरागरा फिरतो, आणि जिथे कानस पोचत नाही अशा बेचक्यातला वेल्डिंगचा गुठळा साफ करतो. यंत्र शुक्रवारी आले म्हणून, इथे शुक्रवारी जन्मलेल्या मुलीला ठेवतात तेच नाव पडले: आफुआ. आठव्या दिवशी रीतसर बारसे झाले. इथे बाळाच्या जिभेवर पाण्याचा एक थेंब आणि दारूचा एक थेंब ठेवतात आणि बजावतात, 'पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण.' आफुआला जीभ नसल्यामुळे दोन्ही थेंब हवा आत घेण्याच्या तोंडात सोडले. (सोबतच्या पुस्तिकेत यंत्रात पाणी जाऊ देऊ नये असे लिहिले आहे. पण पुस्तिका लिहिणारे बारशाला आले नव्हते.)

मग देखभाल समिती झाली. चिटणीस म्हणून गल्लीतले जुने वेल्डर अम्पोन्सा मास्टर एकमताने निवडून आले. सभेच्या वेळी ते बायकोला घेऊन दवाखान्यात गेले होते, त्यामुळे त्यांचाही विरोध झाला नाही.

नियम त्यांनीच लिहिले, आणि चांगले लिहिले. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी रोज सोडावे. पट्टा बदलण्याआधी नळी काढावी. पट्ट्याच्या आतल्या बाजूचा बाण फिरण्याच्या दिशेलाच असावा. रोज सकाळी यंत्राच्या तोंडात तेलाचे दोन-तीन थेंब घालावेत. शेवटचा नियम अध्यक्ष बोआटेंग यांनी सुचवला: काम महत्त्वाचे असल्याखेरीज यंत्र काढू नये, आणि महत्त्वाचे कोणते ते समिती ठरवील. वर्षभरात आलेल्या कामांपैकी शंभर टक्के कामे साधारण निघाली. पट्ट्याची झीज शून्य. पलीकडच्या गल्लीतले लोक (ज्यांचा सँडर वापरून वापरून पार जुना झाला होता) आफुआला पाहायला आले आणि मान खाली घालून परत गेले.

समिती झाली त्याच महिन्यात मास्टरांची बायको सेरवा वारली. आता तिला वर्ष होत होते. शनिवारी सगळे गोत जमणार होते आणि त्याआधी थडग्याभोवती लोखंडी कठडा बसवून, पांढरा रंग देऊन व्हायला हवा होता. कठडा मास्टरांनी स्वतः जोडला होता. वर लोखंडी फुले होती. पाकळ्यांच्या बेचक्यातले गुठळे तेवढे राहिले होते. मास्टरांनी समितीकडे आफुआ मागितली. चिटणीस या नात्याने त्यांनीच ती मागणी वाचून दाखवली आणि नियमाप्रमाणे, हे काम महत्त्वाचे आहे का, अशी शंकाही काढली.

"मास्टर, बाई तुमची, दुःख आम्हा सगळ्यांचं," अध्यक्ष म्हणाले. "पण उद्या कोणी खिडकीची जाळी घेऊन आला तर त्याला काय सांगायचं?"

"खिडकीची जाळी वारत नाही, तिचं वर्षही होत नाही, अध्यक्ष."

"हे बिनतोड आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि मागणी मंजूर झाली.

इथे एक खुलासा हवा. चार वडीलधारे बसलेले असले की नमस्कार उजवीकडून सुरू करून डावीकडे करत जायचे. एकालाही गाळले तर पिढीजात वैर. तेल घालण्याचा मानही समितीत असाच फिरत असे. सभासद सात. प्रत्येकाचे दोन-तीन थेंब, रोज सकाळी, वर्षभर. मशीन चालले असते तर तेल उडून गेले असते. पण आपण निगा राखत होतो.

मास्टरांनी नळी जोडली आणि घोडा दाबला. आफुआने वर्षभराची माया एका दमात कठड्यावर ओतली. गुठळे गेले, हे कबूल केले पाहिजे. पण वर दिलेला रंग मण्यामण्यांनी जमला आणि घरंगळून खाली आला. थिनरने पुसले, पुन्हा रंग दिला. पाकळ्यांतून तेल पाझरतच राहिले.

"अगंबाई!" कोपऱ्यावर माशासोबत खायचे केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, विकणारी आफ्रिये मावशी म्हणाली. "कठडा आहे की तळलेला मासा?"

"तेल कमी पडलं नाही, एवढं तरी मान्य कराल?" अध्यक्षांनी विचारले.

मास्टरांना मान्य करावे लागले. नियम त्यांचाच होता.

शनिवारी कठडा तसाच बिनरंगाचा उभा राहिला. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले की एवढ्या कामानंतरही यंत्राला ओरखडा नाही. टाळ्या पडल्या. मास्टर रुमालाने एक पाकळी पुसत राहिले. मावशी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सेरवाला मी कितीदा सांगितलं, ते नवं निळं कापड एकदा तरी नेस. म्हणायची, चांगला दिवस तर येऊ दे, मावशी."

"पेटीत आहे," मास्टर म्हणाले. "घडीसुद्धा मोडलेली नाही."

मंडळाने आता बाहेरगावच्या लोकांनाही मानद सभासद करून घ्यायचे ठरवले आहे. वाचकांना अर्ज करावा लागणार नाही. आपल्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, पाहुण्यांसाठी जपलेला कपांचा सेट असेल तर आपण सभासद झालातच. खात्रीसाठी कप मोजून पाहावेत; सगळे भरतील. त्यातून चहा प्यायला आता घरात कोण कोण उरले आहे, ते मोजू नये. तो विषय समितीच्या कक्षेत येत नाही.