कोऱ्यावर सही

मुख्य कार्यालयातल्या साहेबांनो, गुन्हेगार तुम्हीच आहात. ई-मेलखालची सही सगळ्यांची एकसारखी हवी, निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव हवं, नाहीतर मेल उघडणार नाही, हे फर्मान तुमचंच. शाखांची छपरं गळतात ती तुम्हाला दिसत नाहीत, सहीचा रंग बरा दिसतो!

दणका बसला जावकबाईंना. पत्रं बाहेर धाडायचं काम, म्हणून हे नाव. वर्षानुवर्षं पत्रं जावक झाली, बाई मात्र जागच्या जागी. नवरा आणि मुलगी दुसऱ्या गावी. परवा मुलीनं फोनवर विचारलं, "आई, या वेळी राहायला येणार, की पुन्हा पाहुणी म्हणून?" बदलीच्या अर्जाचा आज शेवटचा दिवस होता.

बाईंनी इंटरनेटवर बघून बघून पट्टीचा सांगाडा, म्हणजे एचटीएमएल, जुळवला, त्यावर सीएसएसचा रंग चढवला. पट्टी अशी झाली की बघत राहावं. फक्त 'अक्षरं पांढरी' हा नियम सहीपुरता लावायचा, तो त्यांनी अख्ख्या मजकुराला लावला. अर्जाचा मेल लिहिताना सगळं काळंच दिसत होतं. पांढरं झालं ते पलीकडे पोचल्यावर.

थोड्याच वेळात साहेबांचा फोन.

"बाई, मेल कोरा आलाय."

"कोरा? पानभर रडलेय मी त्यात, साहेब!"

"एक अक्षर नाही. सही मात्र फक्कड! आम्हीपण हीच लावून घेतोय."

"आणि माझी बदली?"

"कोऱ्यावर सही केलीत ना? मग आम्ही ठरवू ते तुम्हाला मान्य. लेखी कळवतो." फोन बंद.

शेजारच्या टेबलावरचे कॅशियरकाका खुदखुदले. "अहो बाई, कोऱ्यावर सही माणूस लग्नातसुद्धा करत नाही!"

"काका, तुमचं तोंड जरा कोरं ठेवा."

संध्याकाळी साहेबांचा मेल आला. बाईंनी लगेच उघडला. वर पांढरंफटक. खाली निळीशार पट्टी आणि तिच्यावर साहेबांचं नाव, हुद्द्यासकट.

काका खुर्ची ओढत आले. "तुमचाच रोग लागला की त्यांना! माउस दाबून फिरवा त्या पांढऱ्यावरून, लपलेलं दिसेल."

बाईंनी माउसकडे हात नेला. मग तोच हात फोनकडे वळवला.

"साहेब, तुमचा मेल मिळाला. कोरा आहे. खाली तुमची सही."

"काय सांगताय काय!"

"तुमचाच नियम, साहेब. कोऱ्यावर सही म्हणजे समोरचा ठरवेल ते मान्य. मी 'मंजूर' ठरवलंय. सोमवारी निघते."

पलीकडे कोणीतरी घाईघाईनं कळफलक बडवत होतं. काकांनी खुदखुदणं थांबवून कान लावला.

"कळफलक राहू द्या. माझी सही चालते आणि तुमची चालत नाही, असं असेल तर तोंडानं सांगा. बोला साहेब, तुमची सही खरी की खोटी?"