रुसलेला जावई

आमच्या शेजारच्या सुमनमावशी आपल्या उजव्या हाताला जावई म्हणतात. सकाळी दारात उभ्या राहून, कोपर चोळत त्या गल्लीला बातमी देतात, "मन्हा जवाई आज रुसेल शे!" मग त्याला तेल, शेक, गोडीगुलाबी. नवखा माणूस घरात डोकावून खरा जावई शोधतो.

जावयाला रुसायला कारणही होतं. आमच्या शहाद्यात मांडे करावेत ते मावशींनीच. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत परातीएवढा पातळ करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. कुणाकडेही कार्य निघालं की बोलावणं मावशींना. कोपर कुरकुरणारच.

यंदा तर हात कपबशीही उचलेना, आणि आखाजी तोंडावर! अक्षय्य तृतीयेच्या या सणाला लेकी माहेरी येतात; त्यांना आमरसाबरोबर मांडे हवेतच. त्यात कुणीतरी ऑपरेशनचं नाव काढलं आणि मावशींचं जेवणावरचं मन उडालं. शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घालून फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगी कोल्हापूरकडची, नुकतीच आलेली. म्हणाली, "टेनिस एल्बो आहे. ऑपरेशन नको, लेझर देऊन बघू."

"मी कधी टेनिस खेळनू वं?" मावशी भडकल्या.

पोरीनं त्यांना काळा चष्मा चढवला आणि पेनासारखी कांडी कोपराला टेकवली. मावशी दात आवळून बसल्या. थोड्या वेळानं ती म्हणाली, "झालं."

"हाऊ काय इलाज शे? चटका लागना नही तं गुण कसा ई?"

दर खेपेला हेच भांडण. पण खेप एकही चुकवली नाही. लेझर, व्यायाम आणि पोरीनं दटावून घ्यायला लावलेली विश्रांती, यांनी जावयाचा रुसवा हळूहळू निघाला.

आखाजीला मात्र मावशींनी सगळ्यांची बोलावणी परतवली. हात पुन्हा दुखतोय की काय, म्हणून मी धावत गेले. तर त्यांच्याच अंगणात चूल पेटलेली, खापर तापलेलं! आखाजीला त्यांच्या घरी खापर चढलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मावशींना मूलबाळ नाही. दरवर्षी त्या दुसऱ्यांच्या लेकींसाठी राबायच्या आणि घरी येऊन खिचडी टाकायच्या.

पाटावर डॉक्टर पोरगी बसली होती. सुट्टी नव्हती, म्हणून ती गावी गेली नव्हती. "मावशी, एकच पुरे, हाताला जपा," ती सांगत होती.

मावशींनी उजव्या हातानं तिच्या ताटात दुसरा मांडा वाढला.

"गुमान जेव, बेटा. मन्हा जवाई लेकले माहेरी लई उना."