खाट ठाऊक हाय म्हून

आमचे माणिकमामा शेजारीच राहायचे, भिंतीला भिंत लागून. सकाळी माझ्या हातचा चहा पिताना मला 'पोरी' म्हणायचे, अन् थोड्या वेळानं दवाखान्याच्या दारात मलाच विचारायचे, "कोण तुमी? कुणाकडं?"

ते तिथं दारावर राखणीला होते. माझी धाकटी बहीण शांता झरीहून एसटीनं आणलेली, कावीळ झालेली, बायकांच्या वॉर्डात खिडकीखालच्या खाटेवर. डॉक्टर धड काही बोलत नव्हते. मी रोज डबा नेई. तरी रोज आधी पुढच्या दारी मामांना नाव सांगायचं, चिठ्ठी घ्यायची, मग आत.

"मामा, खाट ठाऊक हाय की मला."

"खाट ठाऊक हाय म्हून वाट मोकळी न्हाई, बाई."

मागचं कुंपण पडलेलं. लोक तिथून थेट वॉर्डात घुसत. मामांनी स्वतः बाभळीच्या फांद्या आणून लावल्या. त्यात एकदा मोठ्या डॉक्टरांचीच पँट फाटली. "तुमी तरी मागून कशाला आलात, साहेब?" म्हणाले, अन् सुईदोरा काढून दिला.

नामांतराच्या दंगलीत डोकं फुटलेलं एक पोरगं भरती होतं. काही गडी काठ्या घेऊन आले. "कुठल्या खाटेवर हाय ते ठाऊक हाय आमाला. सरक, म्हाताऱ्या."

मामा दारात स्टूल आडवं घालून बसले. "मग आपापली नावं सांगा, चिठ्ठ्या आणा."

नाव सांगायला कुणी तयार होईना. शिव्या देत गेले. ते गेल्यावरच मामांनी स्टूल सरळ केलं.

हे खूळ कुठून लागलं, ते एकदाच बोलले. "तुझी मामी गेली तवा मी पेज घेऊन मागूनच शिरलो. कुणी अडवलं न्हाई. खाटेवर दुसरीच बाई. पुढून गेलो असतो तर कुणीतरी आधी सांगितलं असतं." मग म्हणाले, "पेज त्या बाईलाच पाजली. गरम होती."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शांतासाठी पातळ वरण घेऊन गेले. चिठ्ठीवरून भांडायची तयारी करूनच निघाले होते.

मामांनी काहीच विचारलं नाही. उठले, आपलं स्टूल माझ्यापुढं सरकवलं, हातातला डबा काढून घेतला अन् तांब्या दिला.

"बस, पोरी," म्हणाले. "आधी पाणी पी."