काळजातलं बोट

अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेल्या शेषरावांच्या पत्नी सुभद्राबाई यांच्या हृदयाने १९६४च्या उन्हाळ्यात शिस्त सोडली. ठोके मनाला येतील तसे पडू लागले. जिना चढताना धाप लागू लागली.

डॉक्टर म्हणाले, "आतली झडप अरुंद झाली आहे, म्हणून वरचा कप्पा थरथरतो. औषधाने वेग आवरेल. विजेच्या झटक्याने ठोके ताळ्यावर येतील, पण झडप अशीच राहिली तर पुन्हा बिघडतील. मुंबईला ऑपरेशन करा, उशीर नको. तिथले सर्जन हृदयात बोट घालून झडप मोकळी करतात."

शेषरावांनी रीतीप्रमाणे प्रकरण वरिष्ठांकडे पाठवलं. वरिष्ठ म्हणजे त्यांचे दर्यापूरचे चुलते, नत्थुकाका. बायको शेषरावांची असली तरी तिच्या हृदयाबाबत अंतिम अधिकार काकांकडे होता. बैठक भरली. विजेचा झटका एकमताने फेटाळला गेला, कारण विजेचा भरवसा कोणालाच नव्हता. उरलं बोट.

"बोट कोनाचं?" काकांनी विचारलं.

"डॉक्टरचं."

"थे समजलं. पन डॉक्टर कोन्या जातीचा?"

एवढा महत्त्वाचा मुद्दा छाननीत सुटल्याची शेषरावांना लाज वाटली. मुंबईच्या भाच्याकडून आडनाव मागवलं. ते नेमकं गावावरून पडलेलं, त्यातून काही उलगडेना. मग त्या गावी माणूस पाठवायचं ठरलं. गाव निघालं कोकणात. कोकणात कोणाची सोयरीक नव्हती, तेव्हा सोयरीक असलेला माणूस शोधायला दोघांना अमरावतीला धाडण्यात आलं. इकडे या साऱ्यांचा चहा करता करता सुभद्राबाईंना भिंत धरून बसावं लागे. चहा येईपर्यंत चौकशी तहकूब राही.

एके दिवशी त्या कपबशा ठेवून दारातच टेकल्या. पदर सावरला आणि धापा टाकत चुलतसासऱ्यांना म्हणाल्या, "मामाजी, बोट माह्या काळजात जाईन, तुमच्या सैपाकघरात नाई!"

काकांनी हे बोलणं नियमबाह्य ठरवलं. दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई वलगावच्या भावाबरोबर स्टेशनवर गेल्या. शेषरावांनी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि मंजुरीची वाट न पाहता त्यांच्यामागे धावले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बायको जाईल याची भीती काकांच्या भीतीहून मोठी वाटली होती.

ऑपरेशन पार पडलं. सुभद्राबाई परत आल्या आणि मध्ये न थांबता जिना चढल्या. पाहायला सगळे जमले. प्रकृती कशी आहे, हे विचारायचं मात्र गर्दीत राहून गेलं.

"समजलं काय, कोन व्हता तो?" काकांनी विचारलं.

"त्याइनं माही जात इचारली नाई, म्या त्याइची इचारली नाई."

काका चहा न घेता दर्यापूरला गेले.

वाचकहो, बाई ठणठणीत आहेत, एवढ्यावर तुमचं समाधान व्हायला हरकत नव्हती. पण डॉक्टरांचं आडनाव येतं का, हे तुम्ही मघापासून पाहत आहात. ते आलं नाही, तेव्हा आता निदान लेखकाचं तरी कळावं म्हणून खाली बघाल. तिथेही दिलेलं नाही.