लाल स्कूटरीच्या कादंबरीस बोकड प्राप्त जाहला, त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. श्रीसरस्वती, जिचें वाचनालयाचें कार्ड कल्पांतींही रद्द होत नाहीं, ती कृपा करो आणि लिहितां लिहितां चहा निवूं न देवो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं एका राज्यांत जें वर्तमान घडलें तें यथामति लिहितों. राज्याचें नांव लिहिलें तर मंडळी जाब विचारावयास घरीं येतील, सबब लिहिलें नाहीं. इतकेंच जाणावें कीं राज्य लहान, बाजारपेठ एक, एसटी स्टँड एक आणि वाचनालय एक, आणि त्यांत वाचनालय हेंच तख्त. तख्तावर श्रीमंत मातोश्री वत्सलाबाई दाभोळे, अध्यक्षा, विराजमान होत्या. त्यांचा दरारा ऐसा कीं त्या आंत आल्या म्हणजे पंखासुद्धां अदबीनें फिरे. दर महिन्यास एका रविवारीं तिसरे प्रहरीं दरबार भरे, आणि एका नव्या कादंबरीवर वाचक आपापलें मत सांगत, आणि मग मातोश्री निवाडा करीत. कादंबरी मानिली तर दर्शनी कांचेच्या कपाटांत जाई. न मानिली तर माळ्यावर जाई, आणि माळ्यावर गेलेली कादंबरी पुन्हां खालीं आल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं.

त्या महिन्याची कादंबरी ‘घाटमाथ्यावरची लाल स्कूटर’, कर्त्री कोणी सौदामिनी काळोखे. कथा ऐसी कीं एका लहान गांवीं जनावरांची डॉक्टरीण नोकरीस येते, आणि तेथें दूध डेअरीच्या चेअरमनचा खून होतो, आणि तपासास देखणा फौजदार येतो, आणि दोघांची प्रीत जडते, आणि कोणी अज्ञात इसम रेनकोट घालून लाल स्कूटरीवर डॉक्टरणीच्या मागें मागें फिरतो. आतां गुप्त गोष्ट लिहितों. सौदामिनी काळोखे म्हणोन या पृथ्वीवर कोणी नव्हतें. ती कादंबरी मातोश्रींची थोरली सून सौ. तृप्ती, तिणें दुपारीं कुकरच्या शिट्ट्यांचे दरम्यान लिहिली होती, आणि छापोन एक प्रत टपालानें वाचनालयास पाठविली होती, बाकीच्या गव्हाच्या पिंपांत पुरोन ठेविल्या होत्या. पतिराजांस सांगितलें होतें, परंतु ते क्रिकेट पाहत असतां सांगितलें, सबब न सांगितल्यासारखेंच. तृप्तीबाईंनीं मनांत ऐसा नेम केला होता कीं दरबारानें कादंबरी मानिली तर सासूबाईंस सांगावें कीं लिहिणारी मी. माळ्यावर गेली तर दुसरी जी अर्धी लिहोन जाहली आहे ती मोडीत घालावी आणि पुन्हां लेखणी हातीं धरूं नये.

परंतु दैवाची गत निराळी, आणि बांधणीवाल्याची त्याहून निराळी. त्या राज्यांत ऐसी चाल होती कीं नवें पुस्तक आलें म्हणजे त्याचा मूळ वेष उतरवावा, पानें सोडवावीं, जाड पुठ्ठा आणि तपकिरी रेक्झिन घालोन फिरोन बांधावें, मगच वाचकांस द्यावें. त्यामुळें राज्यांत पाककृती, चरित्र आणि खून हीं सर्व बाहेरून सारखींच दिसत. तर बांधणीवाल्यानें एकेच बैठकीस दोन पुस्तकें सोडविलीं, एक लाल स्कूटर आणि दुसरी शेळीपालनाची पुस्तिका, आणि इतक्यांत घरोन जेवावयाचें बोलावणें आलें, आणि जेवोन आल्यावर अंगांत सुस्ती होती, आणि त्या सुस्तींत लाल स्कूटरीचा शेवटचा फर्मा, म्हणजे अखेरच्या सोळा पानांची जुडी, शेळ्यांस गेला आणि शेळ्यांचा शेवटचा फर्मा लाल स्कूटरीस आला. म्हणजे कादंबरींत घाटांत धुकें दाटतें, फौजदार वळणापलीकडे उभा राहतो, डॉक्टरणीपुढें स्कूटर येऊन थांबते, रेनकोटवाला हळूच टोपीस हात घालतो, आणि पान उलटावें तों, ‘शेळ्यांचा गोठा पूर्व-पश्चिम बांधावा आणि जमीन उतरती ठेवावी.’ पृष्ठांक जुळत नाहींत हें कोणी पाहिलें नाहीं, कारण खुनाचे वेळीं पृष्ठांक पाहणें हें भित्रेपणाचें लक्षण मानिलें जाई. आणि एकाही वाचकानें ‘मला कळलें नाहीं’ म्हणोन म्हटलें नाहीं, कारण तसें म्हणण्याचीही त्या राज्यांत चाल नव्हती.

मग दरबार भरला. तृप्तीबाई चहाची किटली घेऊन उभ्या राहिल्या, लक्ष सर्व सभेकडे, सबब बशींत अधिक आणि कपांत कमी ऐसा चहा वाटिला गेला. आधीं गुरव सर उठले. सर निवृत्त, विषय भूगोल, परंतु मत सर्व विषयांत. सर बोलिले, “शेवट फार खोल आहे. एवढी पानं आपण खुनी शोधतोय, आणि लेखिका म्हणते, खुनी राहू द्या, गोठा पूर्व-पश्चिम बांधा. अहो, हे साधं नाही. माणसानं आधी आपली दिशा ठरवावी, असं आहे ते.” तृप्तीबाईंस वाटलें कीं सरांनीं दुसरेंच पुस्तक वाचिलें. मग मेडिकलवाले सुराणाशेट उठले आणि बोलिले, “आपण औषधाच्या धंद्यातला माणूस. जंतनाशकाचा डोस वजनाप्रमाणे एकदम करेक्ट दिलाय. हल्ली लेखक लोक एवढा अभ्यास करतात कुठं?” मग पोस्टांतून निवृत्त जाहलेल्या हेमाताई कुलथे सद्गदित होऊन बोलिल्या, “आणि तो बोकड! ‘छाती रुंद, पाय भक्कम, नजर तेज, पैदाशीसाठी असाच निवडावा.’ बाई गं, म्हणजे तो फौजदारच की हो! किती झाकून लिहिलंय. मी तर ते पान दोनदा वाचलं.” आणि सभेंत वाहवा जाहली. तृप्तीबाईंच्या ध्यानीं येऊं लागलें कीं आपल्या कादंबरींत बोकड शिरला आहे, परंतु बोलावें तर लिहिणारी उघडी पडते, न बोलावें तर कीर्ति बोकडास जाते, ऐसा पेंच पडला, आणि त्यांनीं किटली खालीं ठेविली.

मग मातोश्री बोलावयास लागल्या, आणि पंखा हळू जाहला. “झालं सगळ्यांचं कौतुक करून? आता माझं ऐका. मी दोन रात्री जागून वाचलं. भाजी करपली, तरी उठले नाही. तो रेनकोटवाला मागे लागला की माझ्याच पाठीला गार वाटायचं. आणि शेवटी काय? लेंडीखत! एवढा फौजदार धुक्यात उभा करून ठेवलाय, त्याचं काय झालं? तो अजून तिथंच आहे, भिजतोय बिचारा. वाचकाला काय गाढव समजते का ही काळोखे?” आणि मातोश्रींनीं माळ्याकडे पाहिलें, आणि ग्रंथपाल बापूराव शिडी आणावयास उठले. इतक्यांत मातोश्री बोलिल्या, “अहो, सरळ होतं. खुनी म्हणजे डेअरीचा सेक्रेटरी. पहिल्यापासून शेतकऱ्यांच्या दुधाला फॅट कमी लावून पैसे खात होता, ते चेअरमनला कळलं होतं. आणि ती डॉक्टरीण काही फौजदाराची वाट बघत किंचाळत बसणारी नव्हे. तिनं त्या सेक्रेटरीला जनावराचं भुलीचं इंजेक्शन टोचायचं, त्याचीच स्कूटर घ्यायची, आणि फौजदाराला म्हणायचं, बसा मागं. मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं.” तो शब्द कानीं पडतांच तृप्तीबाईंचा धीर सुटला आणि त्या मोठ्यानें बोलिल्या, “अहो आई, तसंच आहे! अगदी तसंच! इंजेक्शनसुद्धा!”

बापूराव शिडीसहित दारांत राहिले. मातोश्री बोलिल्या, “तुला काय ठाऊक? तू कधी वाचलंस?” तृप्तीबाई बोलिल्या, “वाचलं नाही, आई. लिहिलं.” गुरव सरांनीं चष्मा काढिला आणि बोलिले, “म्हणजे बोकड तुमचा नाही?” “नाही, सर.” “अरेरे,” सर बोलिले, “बोकड उत्तम होता.” मग बापूरावांनीं तपकिरी प्रत हातीं घेऊन शिवण पाहिली, आणि त्यांस सर्व उलगडलें, आणि त्यांनीं शिडी भिंतीस टेकविली आणि बोलिले, “शेळ्यांचं पुस्तक भिकाजी खराताकडे आहे.” मातोश्री बोलिल्या, “लावा फोन. आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावा.” भिकाजी खरात राज्याचे उत्तर सीमेवर शेळ्या पाळून होते. फोन लागतांच भिकाजी बोलिले, “मॅडम, पुस्तक परत द्यायला येनारच हुतो, पर मंडळी सोडंनात. दुसऱ्यांदा वाचाय चाललंय. शेळीपालन इतकं सस्पेन्सचं आसतंय, ठावंच नव्हतं! आणि मी काय केलं, डेअरीला दूध घालायचंच बंद केलं. सेक्रेटरीकडं बघवंना.” मातोश्री बोलिल्या, “आधी शेवटची पानं वाच.” मग भिकाजी बांधावर बसोन वाचूं लागले, आणि मागें शेळ्या ओरडत होत्या, आणि भिकाजींनीं रेनकोटाची टोपी मागें सारिली, आणि इंजेक्शन टोचिलें, आणि स्कूटर सुरू केली, आणि मग ‘त्याच्या श्वासाची ऊब तिच्या मानेला जाणवली’ हें वाक्य गोठ्याच्या जमिनीचा उतार सांगावा त्याच स्वरांत, कोठेंही न अडखळतां वाचिलें. हेमाताईंनीं डोळ्यांस पदर लाविला. समाप्त म्हणोन शब्द आला तेव्हां सुराणाशेट बोलिले, “भारी आहे. पण भुलीचा डोस लिहिला नाही.”

मग मातोश्री तृप्तीबाईंकडे पाहोन हळूच बोलिल्या, “चौथ्या प्रकरणातली ती म्हातारी. डॉक्टरणीची घरमालकीण. सगळ्यांचे डबे उघडून बघते, आणि ऊठसूट म्हणते, मला मेलीला कोण विचारतंय. ती कोण?” सभेंत कोणी चिवडा चावीना. तृप्तीबाई बोलिल्या, “काल्पनिक आहे, आई.” “मला मेलीला काय कळतंय,” मातोश्री बोलिल्या, आणि आपणच चपापल्या. मग बोलिल्या, “एवढी वाईट बाई. खून करायचा होतास तर चेअरमनचा कशाला? हिचाच करायचा होता. मला वाटलंच होतं, पुढच्या पानावर ही जाणार.” तृप्तीबाई मान खालीं घालोन बोलिल्या, “केला होता, आई. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिलाच मारलं होतं.” “मग?” “मग पुढं लिहवेना. ती गेल्यावर घरात कोणी बोलायलाच उरलं नाही. डॉक्टरीण नुसती जेवायची आणि झोपायची. म्हणून फाडलं, आणि तिला परत जिवंत केलं.”

मातोश्रींनीं चष्मा पुसला, जो स्वच्छच होता. मग निवाडा केला तो येणेंप्रमाणें. लाल स्कूटर मानिली, दर्शनी कपाटांत जावी. भिकाजींचा फर्मा जेथला तेथें यावा. बोकड गुरव सरांच्या विनंतीवरून परिशिष्ट म्हणोन राहावा. आणि मग सभा उठतां उठतां मातोश्री सुनेस बोलिल्या, “दुसरी लिहायला घेतली आहेस का?” “अर्धी झाली.” “मग उद्यापासून दुपारचा कुकर मी लावीन. आणि ऐक, त्या म्हातारीला नव्या कादंबरीत घे. जरा मोठं काम दे तिला. तोंडाळ असू दे, माझी काही हरकत नाही. पण खुनी मात्र तिनंच शोधायचा.”

तात्पर्य इतकेंच: दाभोळ्यांचे घरीं हल्लीं दुपारीं एकजण लिहिते आणि दुसरी दारांतून विचारते, “कुठवर आला गं तपास?” आणि त्या नादांत शिट्ट्या मोजावयाच्या राहतात, सबब भात रोज गिजगा होतो, आणि तो सर्वजण निमूटपणें भक्षितात. हें वृत्त ज्यांनीं ज्यांनीं पाहिलें त्यांच्या तोंडोन ऐकोन लिहिलें. कमीजास्त जें असेल तें चहाच्या अंमलाखालीं जाणावें. वाचणारांचें आणि लिहिणारांचें कल्याण असो.