बाबांची कानस

लेकीच्या स्केटिंगच्या बुटांची पाती इतकी वर्षं सदोष होती, हा शोध बाबांना नेमका स्पर्धेच्या दिवशी सकाळी साडेदहाला लागला. दोन्ही पात्यांच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे पाच-सहा दाते होते. बाबा कारखान्यात अडतीस वर्षं फिटर. धातूच्या कडेला राहिलेल्या खरखरीला तिथे 'बर' म्हणत, आणि बर राहिलेला एकही नग बाबांच्या हातून बाहेर गेला नव्हता. इथे तर पोटची पोर बर घेऊन बर्फावर जात होती.

पुरावाही होता. गेल्या वर्षीच्या स्पर्धेचा व्हिडिओ बाबांनी थांबवत थांबवत अकरा वेळा पाहिला होता. उडीच्या आधी दाता बर्फात रुततो आणि थोड्याच वेळात लेक आडवी. निदान पक्कं झालं. लेक सकाळचा सराव आटोपून झोपली होती, आई तिच्या पोशाखाचे निसटलेले मणी टाचत होती. बाबांनी बूट उचलले, कोपऱ्यावरच्या गॅरेजात ग्राइंडरवर दाते उडवले आणि घरी येऊन वरून कानशीचा मऊ हात फिरवला. पाती पुढून तान्ह्या बाळाच्या हिरड्यांसारखी झाली. कुणाला काही सांगितलं नाही. चांगलं काम बोलून दाखवू नये, असं त्यांचं मत होतं.

लेक सातव्या वर्षापासून बर्फावर होती, आता सव्वीसची झाली होती. पहिल्या तिघींना राष्ट्रीय संघात जागा मिळे आणि ती सलग चार वर्षं चौथी येत होती. नातेवाइकांत तिचं नावच 'चौथी' पडलं होतं. यंदाही चौथी आली तर सोमवारपासून आत्याच्या प्रवास कंपनीत तिकिटं काढायला बसेन, असं ती स्वतःच कबूल करून बसली होती. आत्याने खुर्ची पुसूनही ठेवली होती.

संध्याकाळी स्पर्धेआधीच्या सहा मिनिटांच्या सरावाला ती उतरली. सवयीने दाता बर्फात रोवून उडी घ्यायला गेली, तर रोवायला काही नव्हतंच. पाय लोण्यातून सुरी जावी तसा गेला आणि ती थेट पंचांच्या टेबलासमोर जाऊन बसली, अर्ज द्यायला आल्यासारखी.

कोचबाईंनी तिला कठड्याशी बोलावलं. बूट वर करायला लावला, पात्यावरून बोट फिरवलं. मग दोघींनी पहिल्या रांगेतल्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी प्रसन्नपणे हात हलवला.

"बाबा, पुढचे दाते कुठं गेले?"

"काढले. बर होती. त्यातच तर अडकायचीस तू."

"त्यांच्यावरच तर उडी मारते मी."

बाबांचा हात हवेतच राहिला. आईने मान न वळवता विचारलं, "घरात आणखी काय काय घासून ठेवलंय? आत्ताच सांगा."

बाबांनी दाते पुन्हा वेल्ड करून द्यायची तयारी दाखवली. फक्त मशीन हवं, आणि काम थंड व्हायला वेळ हवा. थंड व्हायची इथे अडचण नाही, कोचबाई म्हणाल्या, पण वेळ पंचवीस मिनिटं आहे. दुसरीचे बूट मागणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने सुईत दोरा ओवणं. आणि माघार घ्यावी, तर पलीकडे सोमवार उभाच होता.

कोचबाईंनी कार्यक्रमाचा कागद काढला. सात उड्यांपैकी पाच दात्यांवरच्या होत्या. त्या खोडल्या. उरल्या त्या नुसत्या पात्याच्या काठावरून घ्यायच्या. त्यातली एक पुढे तोंड करून घ्यायची, सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत जास्त गुणांची. तिच्यासाठी कोचबाई तीन वर्षं मागे लागल्या होत्या आणि लेक तीन वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणत होती. सरावात जमायची, स्पर्धेत धीर व्हायचा नाही.

"टेकू घेऊन किती दिवस उडणार, म्हणून मी घसा फोडत होते," कोचबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी कानशीनं समजावलं."

"आणि पडले तर?"

"तर चौथी. त्याची तुला सवय आहे."

लेकीला हसू आलं. बर्फावर उतरताना ती हसतेय, हे आईने गेल्या चार वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

संगीत सुरू झालं तसे बाबांनी डोळे मिटले. पुढचं सगळं त्यांना आईकडून कळलं. आई मोजकंच बोलत होती. "उभी आहे." मग, "अजून उभी आहे." मग बाबांना नुसतं संगीतच ऐकू येत राहिलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. "पुढे तोंड करून गेली," आई म्हणाली, "आणि उभी आहे. उघडा आता डोळे."

लेक तिसरी आली. चौथीपेक्षा जेमतेम पाव गुणाने, पण तिसरी. आईने तिथूनच आत्याला फोन करून खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितलं. बक्षिसासाठी नाव पुकारलं गेलं. लेक झोकात वळसा घेत आली आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने दाता टेकवून पायरी चढायला गेली. अख्खा कार्यक्रम न पडलेली मुलगी तिथे पडली, तीही दुसऱ्या क्रमांकाला सोबत घेऊन. दोघी बर्फावर बसून हसत सुटल्या. पदकं खाली वाकूनच घालावी लागली.

बाबा मात्र गंभीर झाले होते. बराच वेळ निरखून ते आईच्या कानाशी वाकले. "त्या पायरीला बर आहे," ते म्हणाले.

आईने त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, कानस काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकून चेन लावली.